सूक्ष्म मोटर, स्थूल मोटर

शुभदाताई ओव्हाळांना त्यांच्याच घरात अर्धा कप चहा मिळू लागला, त्याला आठ महिने झाले होते.

साखर वाढली होती म्हणून नव्हे, की दूध कमी येत होतं म्हणूनही नव्हे. गॅलरीत कपडे वाळत घालताना पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटांना एक बारीक थरथर चिकटली ती चिकटलीच. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. मग एकदा त्यांच्या हातून चहा सांडला, तोही सुनेच्या नव्या पांढऱ्या चादरीवर, आणि दुसऱ्या दिवसापासून कप अर्धा यायला लागला. कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं. अर्ध्या कपाशी माणसाने भांडायचं कसं?

अमृता, म्हणजे सून, स्वभावाने वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. "आई, राहू द्या, मी करते," हे तिचं वाक्य इतकं मऊ असे की त्यावर पाय ठेवला की माणूस आत रुतायचा. भाजी चिरायला घेतली, की राहू द्या. सुईत दोरा ओवायला घेतला, की राहू द्या. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेल्या बाईला सुई राहू द्या म्हणणं म्हणजे काय, हे त्या मुलीला कळत नव्हतं.

आणि आता गोष्ट मशीनवर आली होती. बाहेरच्या खोलीत, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, खिडकीशी शुभदाताईंचं पायाने चालवायचं शिलाई मशीन उभं होतं. त्यांच्या वडिलांनी ते लोणावळ्याच्या बाजारातून हातगाडीवर घालून आणलं होतं आणि दारात उतरवताना एवढंच म्हणाले होते, "घे. आता कुणाच्या तोंडाकडं बघू नको." अमृताचं ऑफिस घरूनच चाले, तिला टेबल लावायला तेवढीच उजेडाची जागा होती. अमृताची मावसबहीण सारिका नवलाख उंबरे गावात राहत होती, तिला मशीन हवं होतं. निलेशने, म्हणजे मुलाने, अगदी प्रेमाने विषय काढला. "आई, नाहीतरी आठ महिने त्यावर कापड पडलेलं नाही."

"पडेल," शुभदाताई म्हणाल्या. "मी नोकरीला अर्ज केलाय."

त्यांचे यजमान सखाराम यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. सखाराम चौतीस वर्षं रेल्वेत, घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर होते. आयुष्यभर मागून रेटायची सवय झाल्यामुळे घरातही ते कधी पुढे होत नसत.

अर्ज खरोखरच केलेला होता. तुंगार्लीला तलावाच्या वरच्या अंगाला एक पुनर्वसन केंद्र निघालं होतं. अपघातात किंवा अर्धांगवायूत ज्यांचे हात-पाय गेले, त्यांना तिथे बटण लावायला, भाकरी थापायला, सही करायला पुन्हा शिकवत. तिथे 'हस्तकला सहायिका' पाहिजे होती. अर्जात 'हातांची स्थिती' असा एक रकाना होता. शुभदाताईंनी बराच विचार करून त्यात 'दोन्ही आहेत' असं लिहिलं.

शेवटी ठरलं असं. नोकरी लागली, तर मशीन राहील. नाही लागली, तर वीस तारखेला सारिकाचा टेम्पो येईल.

आणि मग ते पत्र आलं.

पत्र फोनवर आलं आणि मराठीत होतं. म्हणजे अक्षरं मराठी होती. कुठल्या तरी यंत्राने इंग्रजीचं मराठी करून पाठवलेलं असावं, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र घरातल्या सगळ्यांनी ते सरकारी गांभीर्याने वाचलं.

'प्रिय उमेदवार, आपण दुसऱ्या टप्प्यात पोहोचला आहात. दिनांक अठरा रोजी सकाळी दहा वाजता मोटर कौशल्य चाचणीसाठी उपस्थित राहा. सूक्ष्म मोटर व स्थूल मोटर, दोन्ही तपासल्या जातील. कौशल्ये खुली व बंद, तसेच सलग व तुटक या प्रकारांत विभागून घड्याळावर मोजली जातील. प्रत्येक चाचणीस तीन संधी. सैल पादत्राणे घालू नयेत.'

"मोटर?" शुभदाताई म्हणाल्या.

सखारामांनी चष्मा लावला. वाहनांचा विषय आला की ते घरातले अधिकारी पुरुष होत. "सरळ आहे. सूक्ष्म मोटर म्हणजे दुचाकी. स्थूल म्हणजे चारचाकी. खुली म्हणजे टपाशिवायची जीप, बंद म्हणजे व्हॅन. आणि सलग-तुटक म्हणजे रस्त्यावरचे पांढरे पट्टे. सलग पट्टा ओलांडायचा नाही, तुटक ओलांडला तर चालतो."

इतकं चपखल बसलं की कोणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही. चप्पलसुद्धा बसली, कारण सैल चपलेने ब्रेक दाबता येत नाही. निलेश म्हणाला, "आमच्या कंपनीत फोर्कलिफ्टवाल्यांची अशीच टेस्ट घेतात, घड्याळ लावून." अमृताने फोनवर 'मोटर कौशल्य चाचणी' असं टाकून पाहिलं, तर फोनने तिला जवळच्या तीन ड्रायव्हिंग स्कूलचे पत्ते दिले. "पेशंटना गावागावातून आणायला-सोडायला लागत असेल," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण आई, राहू द्या ना. या वयात गाडी..."

त्या 'राहू द्या'ने निकाल लावला. शुभदाताई गाडी शिकणार होत्या. हातात चोवीस दिवस होते.

शेजारच्या लीलाबाईंना मात्र हा अर्थ मुळीच पटला नाही. लीलाबाई मूळच्या मावळातल्या गावच्या. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि त्या किल्लीमुळे चोवीस बिऱ्हाडं त्यांच्याशी अदबीने बोलत.

"गाडी कुटली, ताई! मोटर म्हंजी पान्याची मोटर," त्या म्हणाल्या. "ते केंद्र हाय टेकाडावर. तितं पानी काय आपसूक चढतंय व्हय? सूक्ष्म म्हंजी अर्ध्या एचपीची, स्थूल म्हंजी पाचाची. खुला नि बंद तो वॉल. आन् सलग-तुटक म्हंजी लाईट कशी असंल तसं. एवढं वाचून कळंना तुमाला?"

शुभदाताई हादरल्या. कारण हेही चपखल बसत होतं. शिक्षिकेचा पेशा, प्रश्न दोन असतील तर दोन्हींची तयारी करायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी केंद्राला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगा होता आणि त्याच्या मागे कोणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं.

"मी मोटरच्या चाचणीबद्दल विचारत होते," शुभदाताई ओरडून म्हणाल्या. "मोटर तुमची असते का आपली आणायची?"

"आपली आणा ना, मॅडम! पार्किंग मोठं आहे!"

"आणि पाण्याच्या मोटरचं काही?"

"पाणी आहे, मॅडम! चहा पण मिळेल!"

म्हणजे गाडीच. लीलाबाईंना हे सांगायला त्या गेल्या, पण तोवर लीलाबाईंनी त्यांच्यासाठी पंपघर झाडून ठेवलं होतं. इतकं कोणी आपल्यासाठी झाडून ठेवलं की नाही म्हणता येत नाही. शुभदाताईंनी बटण दाबलं. वॉल उघडायचा राहिला. लीलाबाई त्याच वेळी, आपल्या भाच्याने कशी मोटर जाळली होती ते सांगण्यात रंगल्या होत्या. गोष्ट संपता संपता पंपघरातून करपल्याचा वास आला, आणि भाच्याचं उदाहरण द्यायची पुढे गरज राहिली नाही.

तीन दिवस चोवीस बिऱ्हाडांना पाणी नव्हतं. लोक जिन्यात बादल्या घेऊन भेटत आणि म्हणत, "काही हरकत नाही हं ताई." हरकत नाही म्हणताना बादली मात्र मुद्दाम दुसऱ्या हातात घेत. तिसऱ्या दिवशी सूक्ष्म मोटरचा सराव म्हणून त्यांनी अमृताची स्कूटर पार्किंगमध्ये सुरू केली. ती सुरू झाली, सुटली, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर जाऊन थांबली. फलकावर 'पाणी बंद आहे' अशी सूचना होती. ती खाली पडली, पण पाणी काही आलं नाही.

तेव्हा भिमाजी आला.

भिमाजी कुरवंड्याचा, पन्नाशीचा, पूर्वी पर्यटकांना जीपमधून डोंगराच्या टोकापर्यंत नेऊन जिवंत परत आणणारा. आता त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी आणि तो. त्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते, आणि त्यांवरचं रबर शिकणाऱ्याच्या बाजूपेक्षा जास्त झिजलेलं होतं.

पण गाडीत बसण्याआधी कच्च्या लायसन्सचं बघायचं होतं. चाळिशीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो, हे शुभदाताईंना त्याच दिवशी कळलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले, मग म्हणाले, "हात पुढे करा पाहू." एक क्षणभर शुभदाताईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले आणि घट्ट जोडले. डॉक्टर सुसंस्कृत होते. त्यांनीही हात जोडले आणि सही केली. बाहेर आल्यावर शुभदाताईंना इतकी लाज वाटली, की त्या परत आत गेल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हात थरथरतो."

"मला दिसलं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या नमस्कारात बांगड्या वाजत होत्या. हाड बरं आहे, पकड बरी आहे. गाडी चालवताना मास्तर शेजारी असू द्या, आणि पक्क्या लायसन्सआधी पुन्हा दाखवून जा." चोरी पकडली गेली होती आणि शिक्षाही झाली नव्हती. अशा वेळी माणसाला कुठे तोंड न्यावं कळत नाही.

पहिल्या दिवशी भिमाजीने गाडीत बसताच डॅशबोर्डवर स्टीलचा पेला ठेवला आणि बाटलीतून त्यात पाणी ओतलं. अर्धा पेला.

शुभदाताईंच्या कपाळावरची शीर उडाली. "अर्धाच का?"

"मोजमाप हाय, मावशी. पैल्या दिशी अर्धा. सांडला न्हाई तर उद्या पाऊन. काठोकाठ भरलेला पेला घेऊन तुंगार्लीचा चढ चढली न् एक थेंब न्हाई सांडला, की गाडी आली म्हणायची. मी सर्टिफिकट-बिर्टिफिकट मानत न्हाई."

त्या दिवशी पेला सांडला नाही. पेला उडाला. तो मागच्या सीटवर बसलेल्या सखारामांच्या मांडीवर जाऊन पडला. सखाराम रोज बरोबर येत. ते शांतपणे पाणी झटकत म्हणाले, "ही स्टिअरिंगची भानगडच चुकीची आहे. चौतीस वर्षांत मला एकदाही वळवायला लागलं नाही. सिग्नल बघायचा, बाकी रूळ बघतात."

"बाबा, हितं रूळ न्हाईत," भिमाजी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. सोय नाही."

भिमाजीने शिकणाऱ्यांचे तीन वर्ग पाडले होते आणि ते तो फार गंभीरपणे सांगे. "पैला वर्ग, डोस्क्यानं चालवनारा. क्लच, मग गेर, मग आरसा, सगळं पाठ म्हनतो आन् तोवर म्हैस आडवी येती. दुसरा, भ्यानं चालवनारा. त्याला चूक झाली की कळतं, पन झाल्यावर. तिसरा, बुडानं चालवनारा. बुडाला कळाय लागलं की डोस्कं मोकळं. मग गप्पा मारा, गानी म्हना."

"आणि मी?"

"तुमी आजून बालवाडीत."

एकतीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरलेल्या बाईला बालवाडीत बसवलं गेलं. शुभदाताई त्या रात्री जेवल्या, पण चवीने नव्हे.

मजा अशी, की हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. शाळेत नव्या मुलींना मशीनवर बसवलं की पहिले चार दिवस एकच रडगाणं असे. पायपट्टी दाबली की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे. मुली पायाकडे बघत, पाय जास्तच गोंधळे. शुभदाताई मग दोरा काढून टाकत, सुईखाली रेघा आखलेला कागद देत आणि म्हणत, "पाय विसरा. सुईकडेही बघू नका. रेघेवर पुढे बघा, जिथे जायचंय तिथे." आठवड्याने कागदावरच्या भोकांची रांग रेघेवर किती बसली ते पट्टीने मोजत. कल्पना आवटे नावाची एक मुलगी होती, तिची रांग सुरुवातीला कागद सोडून टेबलावर गेली होती. आज तिची तळेगावला स्वतःची बारा मशीनं आहेत.

आणि आता त्या स्वतः स्टिअरिंगवरच्या आपल्या हाताकडे बघत बसल्या होत्या. थरथरतोय का, थरथरतोय का, आता थरथरेल. जितकं बघत तितकी ती बोटं ऐटीत थरथरत.

"हाताकडं काय बघताय, मावशी?" भिमाजी नवव्या दिवशी वैतागून म्हणाला. "हात काय पळून चाललाय व्हय? जायचं तितं बघा!"

शुभदाताईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्यामुळे गाडी चिक्कीच्या दुकानाच्या पायरीला टेकली, पण ते वेगळं. त्यांचंच वाक्य त्यांना मावळी बोलीत परत मिळालं होतं.

त्या दिवसापासून पाय मार्गी लागला. क्लच म्हणजे दुसरं काही नव्हतं, पायपट्टी होती. टाच खाली, चवडा वर, सोडताना एकदम सोडायचा नाही. चौदाव्या दिवशी पेला पाऊण झाला. सोळाव्या दिवशी काठाला दोन बोटं राहिली. पण काठोकाठ भरलेला पेला काही चढ पार करेना. तुंगार्लीच्या वळणावर नेमका शनिवार-रविवारचा एखादा पर्यटक गाडीतून अर्धा बाहेर लटकून फोटो काढत असे, आणि तिथे ब्रेक, आणि तिथेच थेंब. घरी अमृताने उजेडाच्या कोपऱ्याचं माप घेऊन ठेवलं होतं. तिने ते चोरून घेतलं होतं, म्हणून जास्त लागलं. फीतही शुभदाताईंचीच होती.

अठरा तारीख उजाडली.

शुभदाताईंनी कडक इस्त्रीची साडी नेसली, पायात पट्ट्यांचे सँडल घातले. गाडीला पुढे-मागे शिकाऊचं लाल अक्षर, शेजारी भिमाजी, मागे सखाराम. "तुम्ही पुढे बसता का?" त्यांनी विचारलं. "मी मागूनच बरा," सखाराम म्हणाले. डॅशबोर्डवर पेला, काठोकाठ. जिन्यातून लीलाबाईंनी ओरडून सांगितलं, "वॉल आधी उघडा हां, ताई!"

बाजार पार झाला. हायवेच्या सिग्नलला गाडी बंद पडली नाही. तुंगार्लीचा चढ लागला, पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर समोरून एक बस आली आणि शुभदाताईंना चढावर थांबून पुन्हा निघावं लागलं. याच जागी तीनदा पेला सांडला होता. सखारामांनी श्वास रोखल्याचं त्यांना मागून ऐकू आलं. त्यांनी क्लच सोडला, अगदी एक टाका पुढे सरकावा तसा. गाडी निघाली. केंद्राच्या फाटकात त्या थांबल्या तेव्हा पाणी पेल्याच्या काठावर फुगून उभं होतं आणि सांडलं नव्हतं.

भिमाजीने पेला उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. "गाडी आली, मावशी."

आत अपेक्षा नावाची एक हसतमुख मुलगी भेटली. पांढरा डगला, हातात घड्याळ. चाचणी तीच घेणार होती.

"गाडी फाटकाशी लावली आहे," शुभदाताई म्हणाल्या. "स्थूल आहे. सूक्ष्म मला नीट येत नाही, ते आधीच सांगते. खुली घ्यायची का बंद?"

अपेक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे, गाडीवरच्या लाल अक्षराकडे, खिडकीतून दिसणाऱ्या सखारामांकडे. "मावशी," ती हळूच म्हणाली, "मोटर म्हणजे... गाडी नाही हो. हालचाली. सूक्ष्म म्हणजे बोटांच्या, स्थूल म्हणजे हातापायांच्या मोठ्या हालचाली. चालणं, तोल सांभाळणं वगैरे. खुली-बंद, सलग-तुटक हे त्यांचेच प्रकार. ते पत्र मशीनने भाषांतर केलेलं, आम्ही शंभरदा सांगितलं..."

तिने एक लाकडी पाटी पुढे ठेवली. तीत नऊ भोकं होती. शेजारी वाटीत नऊ खुंट्या. एकेक खुंटी भोकात बसवायची, मग एकेक काढायची. पंचवीस सेकंदांच्या आत. उजव्या हाताने.

शुभदाताईंच्या डोळ्यांसमोरून चोवीस दिवस गेले. जळालेली मोटर, बादल्या, सूचनाफलक, दाखला, चिक्कीची पायरी. इतकं सगळं करून शेवटी त्यांना तिथेच आणून बसवलं होतं, जिथून पळायला हे सगळं केलं होतं. नऊ भोकं आणि हा हात.

आधी स्थूल झालं. रेघेवरून चालल्या, एका पायावर उभ्या राहिल्या. ते निभावलं. मग पाटी.

पहिल्या खेपेला तिसरी खुंटी टेबलाखाली गेली. एकेचाळीस सेकंद. अपेक्षाने कागदावर आकडा लिहिला आणि लिहिताना चेहरा अगदी कोरा ठेवला. असा कोरा चेहरा शुभदाताईंनी नापास मुलींसमोर स्वतः एकतीस वर्षं ठेवला होता, त्यामुळे त्यांना तो लगेच ओळखू आला. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळं लक्ष बोटांवर एकवटलं. बोटं पानासारखी हलायला लागली. छत्तीस.

"पाणी देऊ?" अपेक्षा म्हणाली. तिने पेला आणला. अर्धा भरलेला होता.

शुभदाताईंनी त्या पेल्याकडे पाहिलं आणि त्यांना राग आला. खरा, जुना, वर्गातला राग. त्यांनी पेला बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि पाटीकडे पाहिलं. हाताकडे नाही. भोकाकडे. पहिल्या नाही, पुढच्या. जायचं तितं बघा.

"चालू," अपेक्षा म्हणाली.

एक. दोन. तीन. हात कुठे होता कोण जाणे. चौथ्या भोकाशी टेबलाखाली काहीतरी सुरू झालं. टाच, चवडा, टाच, चवडा. पट्ट्यांचा सँडल फरशीवर तालात पडायला लागला, आणि त्या तालावर खुंट्या बसत गेल्या आणि त्याच तालावर निघत गेल्या. शेवटची खुंटी वाटीत पडली तरी पाय चालूच होता.

तेवीस.

अपेक्षाने घड्याळ पाहिलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. "मावशी, तुमचा पाय..."

"असू दे. त्याच्याशिवाय हात चालत नाही."

अपेक्षाने नियमांचा कागद काढला आणि बोट फिरवत वाचायला लागली. ही शेवटची संधी होती. इथे खोट निघाली तर वीस तारखेचा टेम्पो ठरलेला. "दुसऱ्या हाताचा आधार घेऊ नये," अपेक्षा वाचत होती, "टेबलाला टेकू नये... पायाबद्दल काही दिसत नाही." तिने कागद ठेवला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'पाय चालू.' मग पेन तसंच धरून म्हणाली, "आमच्याकडे एक पवनानगरचे काका आहेत. दोन महिने आम्ही त्यांना सांगतोय, हाताकडे नीट बघा, हाताकडे नीट बघा. बटण लागत नाही."

"कसं लागेल?" शुभदाताई म्हणाल्या. "काजाकडे बघायला सांगा. आणि खुर्चीखाली पायाला काहीतरी द्या."

एकोणीस तारखेला संध्याकाळी फोन वाजला. पत्र पुन्हा त्याच यंत्राने लिहिलं होतं. 'अभिनंदन. आपल्या दोन्ही मोटर चालू स्थितीत आढळल्या आहेत. दिनांक एकपासून रुजू व्हावे.'

सखारामांनी ते जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. लीलाबाईंनी दोन्ही मोटर चालू झाल्याचं ऐकलं, खिळ्यावरची पंपाची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

टेम्पो आला नाही. अमृताच्या टेबलाचा प्रश्न मात्र राहिला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला. शुभदाताईंनी मशीन खाली दुमडून वरची फळी लावली. सपाट, रुंद, उजेडात. इतक्या दिवसांत फीत लावून कोपरा मोजला गेला होता, फळी कोणी मोजली नव्हती. अमृताने तिच्यावर लॅपटॉप ठेवला. मग ती आत गेली आणि सासूचा चहा घेऊन आली. दारातच तिला स्वतःलाच तो अर्धा कप दिसला असावा. ती परत आत गेली. पुन्हा आली तेव्हा कप भरलेला होता, काठापर्यंत.

शुभदाताईंनी तो उजव्या हाताने घेतला. बशीत एक थेंब पडला. तो दोघींनीही पाहिला आणि अमृता लॅपटॉपकडे वळली.

अमृताची मीटिंग सुरू झाली. कानाला यंत्र लावून ती कोणाला तरी इंग्रजीत समजावत होती आणि तिचा पाय नकळत खाली पायपट्टीवर गेला होता. चाक करकरत फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं.

"उलटं फिरवतेयस," शुभदाताई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "पाय विसर. पुढे बघ."